पाचवीच्या पोराला दुसरीच्या गटात बसवायचं का? संशोधन नक्की काय सांगतं?

डोंगरमास्तर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, वेळ असेल तरच वाचा.

मी झेडपीच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली दुसरी मॅडमकडे, तिसरी चौथी पाचवी माझ्याकडे, तिन्ही वर्गांचा मिळून पट २६. शाळा सुरू झाल्यावर एकेकाला जवळ बसवून वाचून घेतलं आणि वजाबाकी भागाकार घातले तर पाचवीतली तीन पोरं जोडाक्षर आलं की थांबतात, एकाची काना मात्रा वेलांटीच पक्की नाही, आणि इकडे तिसरीतली एक मुलगी घडाघडा गोष्ट वाचते. हातच्याची वजाबाकी अर्ध्या जणांना येत नाही आणि पुस्तक म्हणतंय अपूर्णांक घ्या, दशांश घ्या, कोन मोजा.

प्रशिक्षणात दरवेळी सांगतात स्तरनिहाय गट करा, संशोधनाने सिद्ध झालंय. पण कुठलं संशोधन, कुठल्या गावात, किती पोरांवर, दिवसातला किती वेळ, हे विचारलं की पुढची स्लाइड येते. तरी मी गट करून बघितले. दोन दिवसात एक पालक दारात हजर. गुरुजी माझा पोरगा पाचवीत आहे ना मग तिसरीच्या पोरांत का बसतो. त्याचंही बरोबरच आहे. आणि केंद्रप्रमुख म्हणतात गट जरूर करा पण अभ्यासक्रम मागे पडता कामा नये.

तर मला खरंच जाणून घ्यायचंय, यावर प्रयोग झालेत का? दिवसभर गट की थोडा वेळ? आणि खालच्या गटात टाकलेलं पोर तिथंच चिकटून बसतं का? पीपीटी नको, ज्यांनी काम केलंय किंवा नीट वाचलंय त्यांनी सांगा.

कुर्ला_लोकल

मास्तर, हे संशोधन परदेशातलं नाही, यातला मोठा प्रयोग आपल्या मुंबईतच झालाय आणि मी तेव्हा तिथेच मनपाच्या शाळेत बालसखी होते :)

प्रथम संस्था १९९४ च्या सुमारास मुंबईत सुरू झाली, माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी उभी केली. त्यांचा बालसखी म्हणून कार्यक्रम होता. वस्तीतलीच बारावीच्या आसपास शिकलेली मुलगी घ्यायची, थोडं ट्रेनिंग द्यायचं, आणि तिसरी चौथीतली जी मुलं मागे आहेत अशी १५ ते २० वर्गातून बाहेर काढून रोज साधारण दोन तास तिच्याकडे द्यायची. शाळा चार तासांची, म्हणजे निम्मा वेळ. खोली मिळाली तर खोली, नाहीतर व्हरांडा, नाहीतर जिन्याखालची जागा. मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये.

मग २००१ ते २००३ या दोन वर्षांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात याची मोजणी केली. कुठल्या शाळेत तिसरीला बालसखी द्यायची आणि कुठल्या शाळेत चौथीला हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे एका शाळेतली तिसरी दुसऱ्या शाळेतल्या बिनबालसखीच्या तिसरीशी पडताळता येते. मुंबईत आमचा एल वॉर्ड होता, कुर्ला वगैरे. पेपर २००७ साली छापून आला.

निकाल असा की पहिल्या वर्षी सरासरी गुण ०.१४ स्टँडर्ड डेव्हिएशनने (मुलामुलांच्या गुणांत किती फरक असतो ते मोजायचं माप) वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने. साध्या भाषेत, शंभर मुलं गुणांच्या चढत्या क्रमाने ओळीत उभी केली तर पन्नासाव्या जागेवरचं मूल दुसऱ्या वर्षअखेर साधारण एकसष्टाव्या जागी जातं. आणि ही वाढ बहुतेक सगळी मागच्या मुलांची होती.

पण यातली जी गोष्ट मला अजून भारी वाटते ती वेगळीच. आमच्याकडे २० मुलं आली म्हणजे बाईंच्या वर्गात तेवढी कमी झाली. मग मागे राहिलेल्या मुलांना त्या छोट्या वर्गाचा फायदा व्हायला हवा ना? काहीच फरक सापडला नाही. वर्ग लहान झाला पण शिकवणं तेच, पुस्तकाचं पुढचं पान. आमच्याकडे मात्र पान वगैरे नव्हतंच, त्या पोराला काय येतं तिथून सुरुवात.

हेही प्रामाणिकपणे सांगते की कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर एक वर्षाने परत मोजलं तेव्हा फायदा ०.१ च्या आसपास उरला होता. म्हणजे विरतं.

अर्थ_अनर्थ

वर ताईंनी सांगितलं ते पहिलं प्रकरण, पण मास्तरांचा खरा प्रश्न पुढच्या प्रकरणांत आहे. कारण बालसखी बाहेरची होती. सरकारी शिक्षकाने स्वतःच्या वर्गात हे केलं तर काय होतं? याचं उत्तर शोधायला पुढची दहा बारा वर्षं गेलीत आणि त्यात जे आपटले तेच प्रयोग जास्त शिकवून जातात. मी या क्षेत्रात नोकरी करत नाही, अर्थशास्त्राचा विद्यार्थी होतो त्यामुळे हे पेपर वाचावे लागले.

बिहार, २००८ चा उन्हाळा. सरकारी शिक्षकांनाच ट्रेनिंग देऊन सुट्टीत महिनाभराचं शिबिर घ्यायला सांगितलं, फक्त मागे पडलेल्या मुलांसाठी. मुलं पुढे गेली. मग तेच ट्रेनिंग आणि तेच साहित्य शाळेच्या वर्षात वापरा म्हणून दिलं, फरक शून्य! राज्य तेच, सरकारी शिक्षकच, पद्धत तीच. उन्हाळ्यात जमलं ते जुलैनंतर का जमलं नाही? कारण जुलैत पुस्तक सुरू होतं, आणि शिक्षकाला जाब विचारतात तो पुस्तकाचा. मास्तर, तुमच्या केंद्रप्रमुखांचं ते वाक्य आठवा. बिहारमध्येच जिथे गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेच्या वेळेबाहेर मुलं घेतली तिथे फायदा दिसला. उत्तराखंडात स्वयंसेवक शाळेतच दिले तर ते हळूहळू जादा शिक्षक होऊन बसले, नेहमीचेच तास घ्यायला लागले, आणि निकालात काही दिसलं नाही.

मग २०१२-१३ ला हरियाणा. इथे डोकं लावलं. शाळेच्या वेळापत्रकात एक तास वाढवला आणि त्या तासात तिसरी ते पाचवीच्या सगळ्या मुलांना इयत्ता विसरून वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवलं. नुसत्या कागदावर गट नाहीत, मुलं उठून दुसऱ्या खोलीत जायची. त्या तासात पाठ्यपुस्तक नाही. आणि देखरेख करणारे जे लोक होते त्यांनी आधी स्वतः पंधरा वीस दिवस शाळेत मुलांना या पद्धतीने शिकवायचं आणि मगच दुसऱ्याला सांगायचं. सरकारी शिक्षक असूनही हिंदी वाचनात ०.१५ चा फायदा झाला (माप ताईंनी सांगितलं तेच, पुढेही तेच). गणित त्यात नव्हतं, गणितात फरकही नाही.

याच हरियाणात त्याच वेळी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचीही अशीच तपासणी झाली. आकारिक, नोंदी, वर्णनात्मक शेरे, आपल्याला सगळं पाठ आहे. मुलांच्या शिकण्यावर काहीच परिणाम सापडला नाही. आपण किती वर्षं ती रजिस्टरं भरली हो!

आणि शेवटी २०१३-१४ ला उत्तर प्रदेशात उन्नाव आणि सीतापूर. तिथे सरळ शिबिरं, दहा दहा दिवसांचे हप्ते, वर्षभरात सगळे मिळून पन्नास दिवस, शिकवायला प्रथमचे लोक आणि मदतीला गावातली मुलं. फायदा ०.६ ते ०.७, म्हणजे या विषयात असे आकडे फार कमी दिसतात. परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण शिबिर न झालेल्या गावांपेक्षा जवळजवळ दुप्पट झालं. त्याच प्रयोगात काही शाळांना फक्त साहित्य दिलं होतं, तिथे जवळपास काही नाही.

म्हणून मास्तर, माझं मत सांगायचं तर गट हा यातला फार लहान भाग आहे. त्या तासाला दुसरं कुठलंही काम चिकटवायचं नाही हा मोठा भाग आहे. आपल्याकडचं प्रशिक्षण नेमकं उलटं करतं, गटांची नावं देतं आणि तास देत नाही.

ड_तुकडी

आयडी बघून कळलं असेलच :) आमच्या हायस्कूलला अ ब क ड तुकड्या होत्या, गुणांप्रमाणे. अ ला सगळे अनुभवी सर, ड ला जो कोणी रिकामा असेल तो, आणि आम्हाला पाचवीतच कळलं होतं की आपण कशासाठी ड मध्ये आहोत. दहावीपर्यंत कोणी वर गेला नाही. त्यामुळे पातळीप्रमाणे बसवणं म्हटलं की माझं डोकं फिरतं. इंग्लंडमध्येही मुलांना क्षमतेप्रमाणे सेट मध्ये टाकण्यावर बराच अभ्यास झालाय आणि खालच्या सेटमधल्या मुलांना त्याचा फायदा होत नाही असंच साधारण निघतं. मग इथे फायदा आणि तिथे नाही हे कसं काय? कोणीतरी नीट समजावा, नाहीतर मी त्या पालकाच्या बाजूने.

अर्थ_अनर्थ

@ड_तुकडी, शंका रास्त आहे आणि हा वाद संशोधकांतही आहे.

केनियात डुफ्लो, पास्कलीन दुपास आणि मायकेल क्रेमर यांचा १२१ शाळांचा प्रयोग आहे, पेपर २०११ चा. सगळीकडे पहिलीला एक जादा शिक्षक देऊन दोन तुकड्या केल्या. निम्म्या शाळांत तुकड्या गुणांप्रमाणे, उरलेल्यांत चिठ्ठ्या टाकून. दीड वर्षाने गुणांप्रमाणे तुकड्या केलेल्या शाळा ०.१४ ने पुढे, आणि खालच्या तुकडीतली मुलंसुद्धा पुढे, मागे पडली नाहीत. कारण त्यांच्या शिक्षकाला वरच्या पोरांकडे बघून शिकवायची सोयच उरली नाही.

तुमच्या ड तुकडीत पुस्तक अ चंच, शिक्षक मात्र उरलेला, आणि वर जायचा रस्ता बंद. हरियाणा किंवा बालसखीत यातलं काहीच नव्हतं. दिवसाचे एक दोन तास, बाकी वेळ आपल्याच वर्गात. त्यामुळे दोन्ही निकाल खरे असू शकतात.

(क्रेमर, बॅनर्जी, डुफ्लो या तिघांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच धाटणीच्या कामासाठी. याच क्रेमरनी आधी केनियात पाठ्यपुस्तकं वाटण्याचा प्रयोग केला होता, त्यात फक्त आधीच हुशार असलेल्या मुलांना फायदा झाला कारण बाकीच्यांना ती इंग्रजीतली पुस्तकं वाचताच येत नव्हती.)

ड_तुकडी

हं. वर जायचा रस्ता हा मुद्दा पटला. बाकी बघू.

पेन्शनर_गुरुजी

मी चौतीस वर्षं झेडपीत होतो, आता घरी. संशोधनाचं तुम्ही लोक बघा, मी मास्तरांना दोन चार कामाच्या गोष्टी सांगतो.

गटांना नावं फळांची फुलांची द्या नाहीतर नद्यांची द्या, पोरांना दुसऱ्या दिवशी कळतं हुशार कुठला. त्यात वेळ घालवू नका. दर पंधरवड्याला एकेकाला परत तपासा आणि ज्याला आलं त्याला त्याच दिवशी सगळ्यांसमोर उचलून पुढच्या गटात बसवा. महिन्यात चार पोरं सरकलेली दिसली की चिडवाचिडवी आपोआप बंद होते, कारण गट हे बसण्याचं ठिकाण आहे हे त्यांना दिसतं. तपासायचं पण तोंडी, जवळ बसवून, एका पोराला तीन चार मिनिटं. लेखी चाचणीत पोरगं शेजाऱ्याचं बघून पास होतं आणि तुम्ही फसता.

वाचनाचा आणि गणिताचा गट वेगळा ठेवा. वाचनात अडलेलं पोरगं हिशोबात वाघ असू शकतं. आमच्याकडे आठवडी बाजारात भाजी विकणारी पोरं होती, तीन पाव वांगी, दीड किलो बटाटे, शंभराची नोट, उरलेले पैसे चटकन हातावर. आणि फळ्यावर १०० वजा ६५ मांडलं की गप्प.

कुर्ला_लोकल

गुरुजी, यावर तर २०२५ मध्ये नेचर या विज्ञान साप्ताहिकात पेपर आलाय, पुन्हा बॅनर्जी डुफ्लो आणि मंडळी. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी १४०० च्या वर मुलं बघितली. बाजारातले अवघड हिशोब तोंडी बिनचूक, पण तेच गणित वहीतल्या मांडणीत दिलं की अडखळायची. आणि शाळेतल्या मुलांना उलटं, मांडलेलं गणित जमतं पण बाजारातला साधा व्यवहार दिला की बराच वेळ, कागद, तरी चूक. आपलं शिकवणं दोन्हीकडचा पूल बांधतच नाही असा त्याचा अर्थ मी काढला.

पेन्शनर_गुरुजी

ते सायबांनी आत्ता छापलं होय, बरं झालं. :)

तर मास्तर, त्या पोरांना खेळण्यातल्या नोटा द्या. शंभराची एक, दहाच्या दहा, रुपयाची नाणी. १०० मधून ६५ द्यायचे तर शंभराची नोट मोडावी लागते, मग एक दहाची मोडावी लागते. हातचा घेणं म्हणजे हेच मोडणं. हे हाताने दहा वेळा झालं की मग शेजारी फळ्यावर मांडणी दाखवा, दोन्ही एकाच वेळी समोर हवं. नुसत्या नोटा खेळत बसलात तर पोरं नोटाच खेळतात. दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या असतील तर त्याही चालतील पण बाजारच्या पोराला नोट लवकर कळते.

आणि तो पालक. त्याला समजावत बसू नका. त्याच्या समोर पोराला पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला द्या. मग सांगा, दोन महिन्यांनी परत या, हेच पान वाचून दाखवेल. माझ्या अनुभवात असा पालक नंतर आपला सगळ्यात मोठा वकील होतो. सरकारच्या निपुण मोहिमेत ते चावडी वाचन आहे ना, गावासमोर पोरांनी वाचून दाखवायचं, त्यात उभं करा त्या पोराला.

अक्षरगाडी

भाषेबद्दल थोडं, कारण इथे सगळे गणितात शिरले.

जोडाक्षराला अडणारं पाचवीचं मूल फार मागे आहे असं आपण समजतो, पण आपली लिपी बघा. इंग्रजीला २६ अक्षरं, आपल्याला नुसती बाराखडी धरली तरी चारशेच्या वर आकार, वर जोडाक्षरं, वर रफार. सोनाली नाग यांनी कन्नडवर काम केलंय, त्यात दिसतं की अक्षरं पक्की व्हायला पहिली दुसरी पुरत नाही, तिसरी चौथीपर्यंत ते चालूच असतं. कन्नड आणि मराठीची रचना याबाबतीत एकाच जातीची. आपली पुस्तकं मात्र दुसरीनंतर गृहीत धरतात की झालं शिकून.

दुसरं, वाडा तालुक्यात मराठीवर आणि कर्नाटकात यादगीरला कन्नडवर एक मोठा अभ्यास झाला होता, पहिलीपासून तिसरीपर्यंत त्याच मुलांचा पाठपुरावा केला, शैलजा मेनन वगैरे त्यात होत्या. वर्गातला बराच वेळ फळ्यावरचं उतरवण्यात आणि एका सुरात म्हणण्यात जातो, आणि अर्थाकडे जवळजवळ कोणी बघत नाही, आधी अक्षरं मग अर्थ. त्यामुळे काही मुलं अक्षर लावून वाचतात आणि काय वाचलं ते सांगता येत नाही. तेव्हा मास्तर, खालच्या गटाला फक्त बाराखडीचा तक्ता देऊ नका, रोज एक गोष्ट तुम्ही मोठ्याने वाचा, त्यावर गप्पा मारा, मुलांनी सांगितलेली दोन वाक्यं फळ्यावर लिहा आणि तीच त्यांना वाचू द्या. स्वतः बोललेलं वाक्य असतं त्यामुळे अंदाज लागतो आणि अंदाजाने जोडाक्षर पण निघतं. बोली वेगळी असेल तर बोलीतलंच वाक्य लिहा, बिनधास्त.

डोंगरमास्तर

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

मॅडमशी बोललो. असं ठरतंय की रोज एक तास दोन्ही खोल्या मोकळ्या करायच्या, दुसरी ते पाचवी सगळी पोरं मिसळायची, वाचता न येणारी मॅडमकडे आणि वाचणारी माझ्याकडे, पहिलीची चार पोरं अंगणवाडी ताईंकडे बसतील, त्यांना विचारलं, हो म्हणाल्या. तीन दिवस भाषा तीन दिवस गणित, आणि गणिताला गट वेगळे. उरलेला दिवस आपापल्या वर्गात पुस्तक. केंद्रप्रमुखांना शिक्षण परिषदेत हरियाणाचं सांगणार आहे, तास ठरवून दिल्याशिवाय होत नाही म्हणून. बघू काय म्हणतात.

आता एकच अडचण, तास ठेवू कधी? परिपाठानंतर ठेवला तर लांबच्या वाडीवरची पोरं उशिरा येतात आणि नेमकी तीच मागे आहेत. शेवटचा ठेवला तर पोरं कंटाळलेली.

पेन्शनर_गुरुजी

शेवटचा अजिबात नको. शेवटच्या तासालाच नेमका तालुक्याहून फोन येतो अमुक माहिती लगेच भरा म्हणून, आणि मास्तर मोबाईल घेऊन रेंज शोधत टेकाडावर.

कुर्ला_लोकल

खिचडीच्या आधीचा ठेवा. तोपर्यंत वाडीवरची पोरं आलेली असतात आणि जेवणाआधी कोणी पळून जात नाही, अनुभवाचे बोल.

डोंगरमास्तर

हाहा हे बेस्ट. सोमवारपासून खिचडीआधी. त्या स्वयंपाकीण मावशींना फक्त सांगावं लागेल की फोडणी जरा उशिरा टाका, वास आला की संपलं.